काटा चढला, पण सिलिंडर तापेना

थंडीच्या दिवसांत पहाटे अकलोलीच्या कुंडांवर गेलात, तर गरम पाण्यावर पांढरट पडदा तरंगताना दिसतो. आपण त्याला वाफ म्हणतो. खरी वाफ मात्र डोळ्यांना दिसत नाही. दिसतात ते गार हवेत शिरताच तिचे झालेले बारीक थेंब. पुढच्या खेपेला पिशवीत एक स्टीलची ताटली घेऊन जा आणि ती कुंडाच्या पाण्यावर वीतभर उंच धरा. ताटलीला खालून दव धरेल, पण सावकाश, आणि ताटली फार तर कोमट होईल. घरी आल्यावर तीच ताटली चिमट्यात धरून उकळत्या किटलीच्या तोटीसमोर न्या. बघता बघता पाण्याचे ओघळ लागतील आणि ताटलीला हात लावता येणार नाही.

कुंडाचं पाणी उकळत नसतं, हे एक कारण झालं. दुसरं कारण हवेचं. कुंडाचं पाणी ५० अंशांचं धरलं, तर पाण्याला अगदी लागून असलेल्या थरातही वाफेचा वाटा जेमतेम १२ टक्के असतो. उरलेली ८८ टक्के हवाच. वाफेला ताटलीपर्यंत पोचायचं तर या हवेतून वाट काढावी लागते. किटलीच्या तोटीतून येते ती जवळपास निव्वळ वाफ. तिला अडवायला मध्ये कुणी नसतं.

ही गोष्ट कुंडावर कुतूहलाची आहे. आपल्याच भिवंडी तालुक्याच्या सायझिंगमध्ये, प्रोसेस हाऊसमध्ये ती पैशांची आहे. भिवंडीच्या यंत्रमागांवर चढणाऱ्या ताण्याला आधी खळ लागते आणि तो ताणा वाफेने तापलेल्या सिलिंडरांवरून फिरून सुकतो. त्या सिलिंडरात वाफेबरोबर हवा कोंडली, की दाबाचा काटा बरोबर जागी असतो आणि ताणा मात्र ओला निघतो. मग लाकूड, कोळसा किंवा ब्रिकेट जास्त जाळलं जातं, मशीन हळू चालवलं जातं, ताणा गुंडाळलेले बीम खराब होतात. दोष हवेचा असतो आणि बोलणी फायरमनला बसतात. जिथे जिथे वाफेवर काम चालतं, तिथे मालकाने, फोरमनने आणि फायरमनने ही हवा ओळखायला आणि बाहेर काढायला शिकावं, यासाठी हा लेख आहे.

माझ्या हातून झालेली चूक

एका सायझिंगमध्ये मी वाफेच्या लाईनची देखभाल पाहत होतो. सकाळी मशीन सुरू झालं, की पहिले दोन-अडीच तास रोज तीच तक्रार: ताणा ओला येतोय. बीमवर धागे एकमेकांना चिकटत, पुढे मागावर तुटत. सिलिंडरच्या लाईनचा काटा तीन किलोवर स्थिर होता. मी दाब साडेतीनवर नेला, मग चारवर. फरक पडायचा तो थोडाच. दुपार होत आली की मात्र सगळं आपसूक ठीक व्हायचं, आणि आम्ही ती गोष्ट विसरून जायचो.

असे काही आठवडे गेले. एक दिवस आमच्या जुन्या फायरमनमामांनी विचारलं, "साहेब, तुम्ही काटा बघताय. पण तापलंय किती, ते बघितलं का?" खरंच कुणी बघितलं नव्हतं. ट्रॅपच्या, म्हणजे सिलिंडरातलं पाणी बाहेर सोडून वाफ अडवणाऱ्या झडपेच्या, अलीकडे पाइपवर तापमान मोजलं, तर तिथे असायला हवं होतं त्यापेक्षा बरंच कमी भरलं. मग मागचं आठवलं. दोन महिन्यांपूर्वी ट्रॅप बिघडला, तेव्हा हाताला आला तो दुसऱ्या जातीचा ट्रॅप मी बसवला होता आणि वाफ वाया जाते म्हणून ट्रॅपला वळसा घालणारा बायपासही बंद करून टाकला होता. जुन्या ट्रॅपमधून सकाळची हवा निघून जायची. नव्याला हवा सोडण्यासाठी सुईच्या टोकाएवढं भोक होतं. दोन-अडीच तास लागायचे ते त्या भोकातून हवा निघायला. वाढवलेल्या दाबाचं इंधन तेवढे आठवडे जळत राहिलं, ते माझ्या अज्ञानामुळे.

काट्याला हवा आणि वाफ सारखीच

वाफ इतकी कामाची का, हे आधी पक्कं करू. एक किलो उकळतं पाणी १०० अंशांवरून ४० अंशांवर आलं तर ते ६० किलोकॅलरी उष्णता देतं. एक किलो वाफेचं १०० अंशांवरच नुसतं पाणी झालं, तरी ती सुमारे ५४० किलोकॅलरी देऊन जाते. सिलिंडर तापतो तो वाफेचं पाणी होण्यामुळे. पुस्तकात याला संघनन म्हणतात. हवेचं आपल्या कारखान्यातल्या तापमानाला कधीच पाणी होत नाही, म्हणून कारखान्यात तिला आणि तिच्यासारख्या वायूंना नॉन-कंडेन्सेबल गॅस म्हणतात. ती सिलिंडरात येते, बसून राहते आणि जवळपास काहीच देत नाही.

तिचं पहिलं नुकसान तापमानाचं. जॉन डाल्टनने १८०१ साली मांडलेला नियम असा, की मिश्रणातला प्रत्येक वायू आपापल्या वाट्याचा दाब देतो आणि एकूण दाब म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज. काटा ही बेरीज दाखवतो. त्यात वाफ किती आणि हवा किती, हे त्याला सांगता येत नाही. वाफेचं पाणी कोणत्या तापमानाला होणार, हे मात्र एकट्या वाफेच्या वाट्याच्या दाबावर ठरतं.

आपल्याच सिलिंडरचा हिशेब मांडू. रात्री मशीन बंद, सिलिंडर गार, आत बाहेरच्या इतकीच, म्हणजे एक बार दाबाची हवा. सकाळी वाफ सोडली आणि हवेला बाहेर जायला वाट दिली नाही, तर काटा तीनवर येतो तेव्हा आतला खरा एकूण दाब चार बार असतो. त्यात निदान एक बार हवेचा आणि तीन बार वाफेचा. निव्वळ वाफ असती तर आत १४३.६ अंश मिळाले असते. आता मिळतात १३३.५. काट्याने तुम्हाला दहा अंशांनी फसवलं. हवा तापली की तिचा वाटा आणखी वाढतो आणि ती सगळीकडे सारखी मिसळत नाही, म्हणून काही ठिकाणी याहूनही कमी तापमान भरतं.

बॉयलर रूमच्या भिंतीवर हे आकडे मोठ्या अक्षरांत लावून ठेवा. काट्यावर १ बार असेल तर निव्वळ वाफेचं तापमान १२०, २ असेल तर १३३.५, ३ ला १४३.६, ४ ला १५१.८, ५ ला १५८.८ आणि ७ ला १७०.४ अंश. काट्यावरचा एक किलो म्हणजे जवळपास एक बार, म्हणून रोजच्या कामाला हेच आकडे पुरतात.

दारातल्या चपला

तापमान कमी होणं हे नुकसान निम्मंच. दुसरं त्याहून मोठं आहे. वज्रेश्वरीच्या यात्रेला देवळाच्या पायऱ्यांशी उभे राहा. माणसं येतात, चपला काढतात, आत जातात. माणसं आत जात राहतात आणि चपला दारातच साठत जातात. कुणी ढीग बाजूला सारला नाही तर नव्याने येणाऱ्याला दार गाठायलाच वेळ लागतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीपाशी हेच घडतं. वाफ भिंतीकडे येते, तिचं पाणी होऊन ती निघून जाते आणि तिच्याबरोबर आलेली हवा भिंतीलगतच राहते. हळूहळू तिथे हवेचा थर जमतो. मागून येणाऱ्या वाफेला त्या थरातून एकेक कण करत वाट काढावी लागते. म्हणून लाईनमध्ये हवा सरासरीने अगदी थोडी असली, तरी भिंतीपाशी ती खूप जास्त असते.

विल्हेल्म नुसेल्ट या जर्मन संशोधकाने १९१६ साली निव्वळ वाफेचं पाणी होताना किती उष्णता भिंतीकडे जाते, याचं गणित मांडलं. पुढे १९२९ साली अमेरिकन अभियंता डोनाल्ड ऑथमरने त्या वाफेत मुद्दाम थोडी थोडी हवा मिसळून मापं घेतली. संथ वाफेत आकारमानाने अर्धा टक्का हवा मिसळली, तर उष्णता जाण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येत होतं. शंभरात अर्धा भाग! जे कधी डोळ्यांना दिसत नाही, काट्यावर कळत नाही, त्याने निम्मं काम बुडवावं, हे वाचलं तेव्हा मला आमच्या त्या ओल्या बीमांचा उलगडा झाला.

गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत अडकलेल्या हवेमुळे. उष्णता अडवण्याच्या हिशेबात एक मिलिमीटर संथ हवा सुमारे २५ मिलिमीटर पाण्याच्या, दोन मीटर लोखंडाच्या किंवा पंधरा मीटर तांब्याच्या बरोबरीची आहे. सिलिंडरला आतून गोधडी पांघरून आपण बाहेरून ताणा सुकवायला बघतो. वाफ जोरात वाहत असेल तर हा थर थोडा विस्कटतो आणि नुकसान कमी होतं. पण जिथे वाफ संथ असते, म्हणजे कोपरे, टोकं आणि बंद खोबणी, तिथे तो घट्ट बसतो. ताण्याचा एखादाच पट्टा रोज ओला येत असेल, तर कारण बहुधा अशाच एखाद्या जागी असतं.

हवा येते कुठून

पहिला रस्ता बंद मशीनचा. १०० अंशांच्या वाफेचं पाणी झालं की तिचं आकारमान सुमारे सोळाशे पटींनी कमी होतं. मशीन बंद केल्यावर सिलिंडरात उरलेली वाफ आटते, आत निर्वात होतं आणि सांध्यांमधून, पॅकिंगमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. म्हणून प्रत्येक बंदनंतर सिलिंडर हवेने भरलेला आहे, असंच धरून चाला.

दुसरा रस्ता बॉयलरच्या पाण्याचा. पातेल्यात पाणी तापत ठेवा आणि ते उकळायच्या आधीच बुडाला आणि कडांना चिकटलेले बारीक बुडबुडे बघा. ते वाफेचे नाहीत. पाण्यात विरघळलेली हवा बाहेर पडते आहे. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो, ८० अंशांना तो तीन मिलिग्रॅमच्या आत येतो आणि ९० ला दीडच्या घरात. गार पाणी बॉयलरला दिलं की ही सगळी हवा वाफेबरोबर निघून लाईनमध्ये जाते. शिवाय बोअरिंगच्या आणि टँकरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट असतात. बॉयलरच्या उष्णतेने ते फुटतात आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तोही वाफेबरोबर प्रवास करतो, परतीच्या पाण्यात विरघळून आम्ल बनतो आणि पाइप आतून खातो. परतीच्या पाइपच्या तळाला सरीसारखी खाच पडून गळती लागली, तर ती या वायूची करणी समजा. म्हणजे हे वायू उष्णता अडवतात आणि वर लोखंडही खातात.

तिसरा रस्ता निर्वातावर चालणाऱ्या यंत्रांचा. वीजनिर्मिती केंद्राचा कंडेन्सर किंवा साखर कारखान्याचा पॅन आतून बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाचा असतो. तिथे गळती बाहेर दिसत नाही, कारण हवा आत शिरते. म्हणून अशा ठिकाणी हवा खेचून काढणारे पंप किंवा इजेक्टर चोवीस तास चालू ठेवावे लागतात. हे दुखणं यंत्रयुगाइतकंच जुनं आहे. १७१२ च्या न्यूकमेनच्या वाफेच्या इंजिनालाही साठलेली हवा बाहेर टाकायला वेगळी झडप होती. जेम्स वॅटने १७६९ साली ज्याचं पेटंट घेतलं, त्या वेगळ्या कंडेन्सरलाही हवेचा पंप जोडावाच लागला.

ओळखायचं कसं

दाब आणि तापमान ही दोन मापं एकाच जागी, एकाच वेळी घ्या. जागा निवडा ती वाफ शिरते त्याच्या दूरच्या टोकाची, म्हणजे ट्रॅपच्या अलीकडची. भिंतीवरच्या आकड्यांशी ताडून पाहा. पाइपच्या बाहेरून मोजलं तर दोन-चार अंश कमी भरणारच. पण दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर आत हवा तरी कोंडली आहे किंवा पाणी तरी.

पिस्तुलासारखा इन्फ्रारेड तापमापक वापरत असाल तर एक काळजी घ्या. चकचकीत स्टीलवर तो चुकीचा, बहुतेक वेळा खूपच कमी आकडा दाखवतो. पाइपवर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा रुपयाएवढा ठिपका द्या आणि रोज त्याच ठिपक्यावर मापा. आकडे एकमेकांशी ताडता येतील.

आत हवा की पाणी, हेही ओळखता येतं. ट्रॅपचा बायपास जाणत्या माणसाने जरासा किलकिला करावा. गरम पाण्याचा लोंढा येत राहिला तर पाणी तुंबलं आहे. ट्रॅप किंवा सायफन, म्हणजे सिलिंडरातलं पाणी बाहेर आणणारी नळी, बघा. पाणी थोडंच आलं, मग फुसफुस करत वायू निघाला आणि पाइपचं तापमान बघता बघता चढू लागलं, तर हवा होती. तक्रार सुरुवातीच्या तासांतच येते आणि नंतर मिटते, हीसुद्धा हवेचीच खूण. दिवसभर कायम राहणारी तक्रार असेल, तर पाणी तुंबणं, सिलिंडरच्या आत बसलेला थर किंवा सतत येणारा वायू, असा क्रम लावून शोधा.

काय करायचं

सकाळची सुरुवात घाई न करता करा. मुख्य व्हॉल्व्ह हळूहळू उघडा, बायपास किंवा एअर व्हेंट उघडा ठेवा. आधी हवा, मग पाणी, मग दोन्हींचं मिश्रण आणि शेवटी स्वच्छ वाफ बाहेर पडते. दूरच्या टोकाचं तापमान, बाहेरून मोजताना दोन-चार अंश सोडून, भिंतीवरच्या आकड्याला येऊन टेकलं की बायपास बंद. घड्याळावर जाऊ नका, तापमानावर जा. वाफ झटकन सोडली तर तिच्यापुढे पाणी ढकललं जाऊन पाइपात दणके बसतात, ते वेगळंच संकट.

हवेची वाट वाफेच्या दारासमोर ठेवू नका. वाफ आत येते तेव्हा हवेला पुढे ढकलत नेते आणि हवा सगळ्यात दूरच्या, संथ जागी जाऊन बसते. व्हेंट तिथेच हवा. खळ शिजवण्याच्या दुहेरी भिंतीच्या कढईला वाफ एका बाजूने येत असेल, तर व्हेंट समोरच्या बाजूला बसवा. वाफेच्या दाराशेजारी बसवलेला व्हेंट वाफच सोडतो आणि हवा आहे तिथेच राहते. फिरत्या सिलिंडरवर मध्येच व्हेंट लावता येत नाही. तिथली हवा सायफनमधूनच ट्रॅपकडे येते. म्हणून तिथे ट्रॅपलाच हवा पुढे जाऊ देता आली पाहिजे, नाहीतर ट्रॅपला समांतर एअर व्हेंट द्यावा.

ट्रॅप किमतीवर निवडू नका. उलट्या बादलीचा ट्रॅप मजबूत असतो, पण त्याच्या बारीक भोकातून हवा फार सावकाश जाते. थर्मोडायनॅमिक ट्रॅपची चकती सुरुवातीच्या हवेच्या झोताने बंद बसू शकते. फिरत्या सिलिंडरांना आणि कढयांना चेंडूचा फ्लोट ट्रॅप घ्या, ज्याच्या आतच थर्मोस्टॅटिक एअर व्हेंट असतो. त्या व्हेंटमधली कुपी गार हवेत आकसून वाट उघडते आणि वाफ पोचली की फुगून बंद करते. सकाळी कुणी विसरलं, तरी ती विसरत नाही. फिरत्या सिलिंडरसाठी घेताना सायफनमध्ये अडकलेली वाफ सोडण्याची सोय, म्हणजे स्टीम लॉक रिलीज, आहे ना, हेही विचारून घ्या. ट्रॅप बदलताना जुन्याची जात बघूनच नवा आणा. माझी चूक तुम्ही करू नका.

व्हॅक्यूम ब्रेकर बसवा. मशीन बंद झाल्यावर आत निर्वात होऊन पातळ पत्र्याचा सिलिंडर चेपू शकतो आणि आतलं पाणीही निघत नाही. ब्रेकर वेळेवर हवा आत घेऊन सिलिंडर वाचवतो. ही हवा सकाळी बाहेर काढायची आहे, हे मात्र लक्षात ठेवा. ब्रेकर आणि व्हेंट ही जोडी आहे.

बॉयलरचं पाणी गरम करूनच द्या. सिलिंडरचं परतीचं गरम पाणी गटारात सोडणं म्हणजे इंधन सोडणं. ते फीड टाकीत आणा आणि टाकी ८५ अंशांच्या आसपास ठेवा. परतीचा पाइप टाकीतल्या पाण्याच्या पातळीखाली सोडा. वरून धबधब्यासारखं पडणारं पाणी पुन्हा हवा घेऊन बसतं. टाकी पंपापेक्षा पुरेशी उंच ठेवा, नाहीतर गरम पाणी पंपातच उकळून पंप ओढणं सोडून देतो. उरलेल्या ऑक्सिजनसाठी सोडियम सल्फाइटचा डोस पाणी तपासणाऱ्या केमिस्टकडून ठरवून घ्या. एक भाग ऑक्सिजनला आठ भाग सल्फाइट लागतं. आणि पाणी मऊ करणारा सॉफ्टनर बायकार्बोनेट काढत नाही, हे ध्यानात ठेवा. सॉफ्टनर आहे म्हणून कार्बन डायऑक्साइड नाही, असं होत नाही.

मिश्रण वाफेचं असेल तर

गवती चहाचं तेल काढणारे किंवा सॉल्व्हंट परत मिळवणारे उद्योग वाफेबरोबर दुसऱ्या द्रवाचीही वाफ थंड करतात. तिथे हवा दोनदा खाते. एक तर कंडेन्सरचं काम मंदावतं. दुसरं, हवा बाहेर पडताना रिकाम्या हाताने जात नाही. वायू ज्या तापमानाला बाहेर पडतो, त्या तापमानाला मावेल तेवढी वाफ घेऊनच जातो. पाण्याच्या वाफेचं उदाहरण घ्या: ५० अंशांना बाहेर पडणाऱ्या हवेत १२ टक्के वाफ असते, ३० अंशांना चारच टक्के. तेलाचं आणि सॉल्व्हंटचं गणित याच वळणाने जातं. म्हणून कंडेन्सरचं शेवटचं टोक सगळ्यात थंड ठेवा, गार पाणी तिथूनच आत घ्या आणि वायूची वाट त्या टोकालाच द्या. सुरुवातीला भट्टी जोरात पेटवू नका. भांड्यातली पहिली हवा धडाक्यात निघाली, तर सुवास तिच्यासोबत निघून जातो. कंडेन्सरचं तोंड मात्र कधीही बंद करू नका, भांडं फुटेल. सॉल्व्हंट पेट घेणारं असेल तर त्या वायूची वाट ज्योतीपासून आणि ठिणगीपासून दूर, उंचावर न्या.

घरात आणि दवाखान्यात

वजनाची शिटी असलेल्या कुकरला आधी तोटीतून वाफेची सरळ धार येऊ द्यायची आणि मग शिटी ठेवायची, हे आपल्या आयांना ठाऊक असतं. त्यांचं बरोबर आहे. आधी हवा बाहेर गेली पाहिजे, नाहीतर दाब हवेचा आणि डाळ कच्ची.

दवाखान्यात याला जिवाचं मोल आहे. ऑटोक्लेव्हच्या काट्यावर १५ पौंड दिसले म्हणजे आत १२१ अंश आहेत, हे आतली सगळी हवा गेली असेल तरच खरं. दोन तृतीयांश हवा गेली असेल तर सुमारे ११५, निम्मी गेली तर ११२, एक तृतीयांश गेली तर १०९ आणि मुळीच गेली नाही तर १०० अंश. काटा पाचही वेळा १५ च दाखवतो. लहान दवाखान्यांत, दातांच्या दवाखान्यांत ऑटोक्लेव्ह हाताळणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य पाठ करावं. कपड्यांचे गठ्ठे आणि साहित्य दाटीने भरू नका, भांडी उताणी ठेवू नका; हवा तिथेच अडकते. निर्वात पंपाच्या मोठ्या यंत्रांत रोज पहिल्या फेरीआधी बॉवी-डिक चाचणी लावतात ती हवा गेली की नाही हे पाहण्यासाठीच. ती चुकवू नका.

हातपाय सांभाळून

वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट, कारण ती कातडीवरच पाणी होऊन आपली सगळी उष्णता तिथे सोडते. व्हेंटचा आणि बायपासचा पाइप माणसांच्या वाटेपासून दूर, खाली वळवून सुरक्षित जागी सोडा. दाबाखाली असलेला सांधा, नट किंवा प्लग हवा काढण्यासाठी कधीही सैल करू नका; त्यासाठी व्हॉल्व्हच बसवा. हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय बायपासला हात लावू नका. बॉयलरवर प्रमाणपत्र असलेलाच माणूस ठेवा, नव्या जोडण्या बॉयलर निरीक्षकांच्या नियमांत बसवूनच करा आणि सेफ्टी व्हॉल्व्हला कोणत्याही कारणाने हात घालू नका. चटका बसलाच तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं गार पाणी वाहू द्या. हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावू नका आणि दवाखाना गाठा.

उद्या सकाळी

हे सगळं एका दिवसात होणार नाही, व्हायचीही गरज नाही. ट्रॅप महिनाभराने बदला, फीड टाकी पुढच्या दुरुस्तीत उचला. उद्या सकाळी मात्र एक गोष्ट करा. तुमच्या लॉगबुकात दाबाचा रकाना आहे. त्याच्या शेजारी पट्टीने एक रेघ मारून तापमानाचा रकाना आखा आणि ट्रॅपच्या अलीकडच्या काळ्या ठिपक्यावरचा आकडा पहिले तीन तास दर अर्ध्या तासाने लिहायला सांगा. तो आकडा, दोन-चार अंश सोडून, भिंतीवरच्या आकड्याला किती वाजता टेकतो, ते आठवडाभर बघा. जेवढा वेळ तो खाली आहे, तेवढा वेळ तुमच्या सिलिंडरात बहुधा हवा बसली आहे आणि तुम्ही तिच्यासाठी भट्टीत लाकूड घालता आहात. आमच्या फायरमनमामांनी मला एकच प्रश्न विचारला होता. तो रकाना रोज तुम्हाला तोच प्रश्न विचारेल, आणि मी घालवले तेवढे आठवडे तुम्हाला घालवावे लागणार नाहीत.